‘कॉन्ड्रॉयटिनेझ चालत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मज्जारज्जूला इजा झाली की जखमेभोवती कॉन्ड्रॉयटिन सल्फेट प्रोटिओग्लायकॅन्स, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या जोडलेली प्रोटीन्स, साचतात आणि वाढू पाहणारे ॲक्सॉन (चेतापेशींचे लांब तंतू) तिथेच अडतात. न्यूरोकॅन, ब्रेव्हिकॅन, व्हर्सिकॅन, ॲग्रिकॅन ही त्यातली नेहमीची मंडळी. त्यांच्या साखरेच्या साखळ्या कापायला प्रोटिअस व्हल्गॅरिस या जिवाणूपासून मिळणारं कॉन्ड्रॉयटिनेझ एबीसी हे एन्झाइम वापरतात. २००२ साली ‘नेचर’मध्ये त्यावरचा गाजलेला निबंध आला. तो वाचून लॅबमध्ये येणारी मुलं नवी असतात, चुका मात्र त्याच.

पहिली, आणि माझं डोकं फिरवणारी चूक: एन्झाइम टोचलं म्हणजे साखळ्या कापल्या गेल्या, असं धरून चालणं. हे एन्झाइम भलतं नाजूक आहे. ३७ अंशांना, म्हणजे थेट शरीरातच, त्याची ताकद झपाट्याने उतरते. एका पीएचडीच्या मुलाने महिनोन्महिने उंदरांच्या चालीची मोजमापं घेतली. दोन्ही गटांत काडीचाही फरक नाही. “सर, हे एन्झाइमच थोतांड आहे.” म्हटलं, कापल्याचा पुरावा दाखव. त्याने डब्ल्यूएफएचा, म्हणजे शाबूत साखळ्यांना चिकटणाऱ्या प्रोटीनने रंगवलेला, जरासा फिकट फोटो पुढे केला. एक्स्पोजर कमी केलं तरी फोटो फिकट येतो! मग २बी६ ही अँटीबॉडी लावायला सांगितलं. साखळी कापल्यावर जे खुंट उरतात, त्यांनाच ती चिकटते. त्याच्या एकूण एक सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापावर) अंधार. अँटीबॉडी खराब म्हणावी, तर स्लाइडवरच ताजं एन्झाइम घालून कापलेला सेक्शन शेजारी लख्ख उजळला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, एकच व्हायल दर सर्जरीला वितळवायची, उरलेलं पुन्हा फ्रीजरमध्ये. चार पैसे वाचवायला गेला आणि इतके प्राणी फुकट गेले.

माझी सवय सांगतो. एकदाच वापरता येतील असे छोटे ॲलिकॉट (वाटे) करायचे, उरलेलं परत गोठवायचं नाही. सर्जरी झाली की सिरिंजमधला शेवटचा थेंब साध्या मेंदूच्या सेक्शनवर टाकायचा, ३७ अंशांना ठेवायचा आणि २बी६ लावायची. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना मी सर्जरीच्या टेबलापाशी फिरकू देत नाही. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी एन्झाइम न दिलेल्या गटाला, नुसतं सलाइन पुरत नाही. तिथेही एखादं निरुपद्रवी प्रोटीनच टोचा, पेनिसिलिनेझ चालतं.

वेस्टर्न ब्लॉटला (जेलमध्ये प्रोटीन्स वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायच्या चाचणीला) थेट सॅम्पल चढवणं ही दुसरी घाई. साखळ्यांसकट ही प्रोटीन्स जेलमध्ये नीट शिरतच नाहीत, वरच्या बाजूला नुसता पसरट डाग येतो. आधी एन्झाइमने कापा, मग गाभ्याचं प्रोटीन शोधा. न कापलेलं सॅम्पल शेजारच्या लेनमध्ये हवंच.

डिशमध्ये ॲग्रिकॅनच्या कोटिंगवर न्यूराइट (चेतापेशींना फुटणारे तंतू) आखूड दिसले की लगेच ‘इनहिबिशन’, म्हणजे वाढ रोखली, असं लिहू नका. तिथे लॅमिनिन, म्हणजे तंतूंच्या वाढीला आधार देणारं प्रोटीन, तरी नीट बसलंय का, ते रंगवून बघा.

कंट्यूजनमध्ये, म्हणजे मज्जारज्जू चेचणाऱ्या इजेत, मुळात वाचलेले ॲक्सॉन नव्याने उगवले म्हणून मिरवू नका.

ग्लायल स्कार (इजेभोवती आधारपेशींचा बनणारा व्रण) म्हणजे निव्वळ खलनायक, हेही सोडा; २०१६ मध्ये उंदरांत ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींचा स्कार काढून टाकला, तरी ॲक्सॉन काही पुढे सरकले नाहीत.

आणि नोगो-ए, मॅग ही मायलिनची, म्हणजे ॲक्सॉनभोवतीच्या वेष्टणाची, प्रोटीन्स. ती मॅट्रिक्सच्या (पेशींबाहेरच्या जाळ्याच्या) यादीत घालू नका. कॉन्ड्रॉयटिनेझ त्यांना हातही लावत नाही.