अपारंपरिक कणसिद्धांत तपासताना आधी काय पाहावे

इंदुरात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याकडे अधूनमधून एखादे जाडजूड हस्तलिखित येतेच. लिहिणारे बहुधा निवृत्त अभियंते असतात, त्यांची तळमळ खरी असते, आणि आपला सिद्धांत कॅटमध्ये, म्हणजे येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, तपासून मिळावा अशी त्यांची अपेक्षा असते. तेथील इंडस-२ या त्वरकयंत्रात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात खरे, पण ते क्ष-किरणांसारखा प्रकाश मिळवण्यासाठी, कणांच्या टकरी घडवण्यासाठी नव्हे. तपासणी आधी कागदावरच करावी लागते.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी चित्रे आणि तत्त्वज्ञान बाजूला ठेवावे, सिद्धांतातून निघणारी एखादी अभिक्रिया शोधून एका ओळीत लिहावी आणि बाणाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा. मला वारंवार भेटलेली कल्पना घ्या: न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉनला बिलगलेला इलेक्ट्रॉन. विद्युतप्रभार जुळतो आणि लेखक तेथेच समाधान मानतो. वस्तुमान (ऊर्जेच्या एककात) पाहिले, तर प्रोटॉनचे ९३८.२७२ आणि इलेक्ट्रॉनचे ०.५११ मिळून ९३८.७८३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट होतात, न्यूट्रॉनचे मात्र ९३९.५६५ आहे, बांधलेली जोडी सुट्या घटकांपेक्षा हलकी असायला हवी, ही उलट ०.७८२ ने जड निघते. एखादा ऊर्जेचा अडथळा कल्पून येथून पळवाट काढता येते. स्पिनमधून, म्हणजे कणाच्या अंगभूत कोनीय संवेगातून, सुटका नाही: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या दोन अर्ध्या स्पिनांची बेरीज ० किंवा १ येते, कक्षीय (एकमेकांभोवती फिरण्याचा) कोनीय संवेग पूर्णांकीच असतो, आणि न्यूट्रॉनचा स्पिन तर १/२ आहे.

या कल्पनेला हसू नये, कारण १९२० मध्ये अणुकेंद्रकाचा शोध लावणाऱ्या रदरफर्डनेही असाच विचार मांडला होता. त्या हिशेबाने नायट्रोजन-१४ च्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण भरतात, आणि अर्ध्या स्पिनांची संख्या विषम असल्याने एकूण स्पिन अर्धा, दीड असा काहीतरी यायला हवा. रासेत्तीने १९२९ मध्ये घेतलेल्या नायट्रोजनच्या रामन वर्णपटावरून (रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून) मात्र ते केंद्रक पूर्णांकी स्पिनाच्या कणांसारखे वागते असे दिसले. म्हणून मी प्रभारानंतर लगेच स्पिन पाहतो. नवे सिद्धांत बहुतेक याच पायरीवर अडखळतात.

सर्व नियम सारख्याच ताकदीचे नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. ऊर्जा, संवेग, कोनीय संवेग आणि प्रभार यांना अपवाद सापडलेला नाही; बीटा क्षयात, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेत, ऊर्जेची तूट दिसली तेव्हा खुद्द नील्स बोर ऊर्जेची अक्षय्यता सोडायला तयार झाला होता, पण १९३० मध्ये पाउलीने सुचवलेला नवा उदासीन कण, न्यूट्रिनो, १९५६ मध्ये खरोखर सापडला. पॅरिटीचा नियम (आरशातल्या प्रतिमेसारखी क्रियाही निसर्गात तशीच घडते हा) मात्र १९५७ मध्ये वू यांच्या प्रयोगाने दुर्बल आंतरक्रियेपुरता, म्हणजे बीटा क्षय घडवणाऱ्या बलापुरता, मोडला. बॅरिऑन संख्येची (प्रोटॉन, न्यूट्रॉन यांसारख्या कणांच्या एकूण संख्येची) अक्षय्यताही अढळ मानण्याचे कारण नाही, त्यामुळे प्रोटॉनचा क्षय सांगणारे हस्तलिखित तेवढ्यासाठी परत करू नये. लेखकाला क्षय कोणत्या कणांत होतो आणि आयुष्य किती येते, एवढेच विचारावे. पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) आणि उदासीन पायॉन (एक अल्पायुषी कण) असे उत्तर आले, तर जपानमधील सुपर-कामिओकांडे या शोधकयंत्राच्या निरीक्षणांनुसार ते आयुष्य १ वर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असावे लागते.