फास्ट कोर्सवर टायमिंग का फसतं? मुंबईच्या रनर्सनी या चुका टाळा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि त्यानंतरचा आठवडाभर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एकच हिशेब चालतो. "इथे चार-वीस आलं ना? मग बर्लिनला चारच्या आत पक्कं!" मीही हा हिशेब केला होता. मुंबईत ४:१६ (चार तास सोळा मिनिटं) होतं, बर्लिनला ४:०० धरलं आणि हातात पडलं ४:११. "पाच मिनिटांसाठी जर्मनी?" हे घरी अजून ऐकतोय.

कट्ट्यावरची वजाबाकी

बर्लिन, शिकागो, व्हॅलेन्सिया, दुबई हे कोर्स, म्हणजे शर्यतीचे मार्ग, फास्ट आहेत यात वाद नाही. रस्ता सपाट, वळणं कमी, हवा गार. केनियाच्या किपचोगेने बर्लिनला २०१८ साली २:०१:३९ आणि २०२२ मध्ये २:०१:०९ दिले, त्याच्याच देशाच्या किप्टुमने २०२३ मध्ये शिकागोत २:००:३५. मुंबईचा कोर्स रेकॉर्ड इथियोपियाच्या हायले लेमीचा, २०२३ सालचा २:०७:३२. लोक या आकड्यांमधला फरक घेतात आणि सगळा रस्त्याच्या नावावर टाकतात. पण तिथे पळणारी माणसंही वेगळी असतात, ठरलेल्या वेगाने पुढे पळून साथ देणारे पेसर वेगळे असतात.

म्हणून एकच माणूस घेऊन बघा. याच लेमीने २०१६ मध्ये दुबईच्या सपाट, सरळ रस्त्यावर २:०४:३३ दिले होते. म्हणजे फरक तीन मिनिटांचा, आणि त्यातही मधली सात वर्षं आहेत. माझ्या ४:१६ मधून त्याच प्रमाणात वजा केलं तर उत्तर येतं साधारण ४:१०. हे काही शास्त्र नव्हे. पण कट्ट्यावर कुणी हा भागाकार आधी करून दाखवला असता, तर मी सोळा मिनिटांची स्वप्नं पाहिली नसती.

गार हवेत पहिले वीस किलोमीटर फुकटचे वाटतात

सगळ्यात महाग चूक हीच. आपण दमट हवेत तयार झालेली माणसं. पहाटे पाचलाही मरीन ड्राइव्हवर टीशर्ट पिळून काढावा लागतो, आणि श्वास चढला की शरीर आपोआप ब्रेक लावतं. दहा-बारा डिग्रीच्या हवेत हा ब्रेक लागतच नाही. घाम दिसत नाही, छाती शांत, पाय उड्या मारतायत. मी अर्धं अंतर दोन तासांऐवजी १:५३ ला पार केलं आणि मनात सात मिनिटं "शिल्लक" टाकली. तिसाव्या किलोमीटरनंतर मांड्या दगड झाल्या. पुढचं अर्धं अंतर २:१८ चं झालं, शिल्लक व्याजासकट परत गेली.

किप्टुमचं ते शिकागो बघा: पहिला अर्धा ६०:४८, दुसरा ५९:४७. उलट किपचोगेने २०२२ च्या बर्लिनला पहिला अर्धा ५९:५१ मध्ये काढला आणि दुसऱ्याला ६१:१८ लागले. रेकॉर्ड तरीही झाला, कारण तो किपचोगे आहे. आपण पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा (किलोमीटरमागच्या वेळेपेक्षा) पाच-दहा सेकंद हळूच ठेवावेत. मागून कितीही लोक पुढे गेले तरी.

मुंबईत हीच चूक पेडर रोडवर उघडी पडते. कागदोपत्री तो डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, रनर्सच्या तोंडी मात्र पेडर रोडच. मार्गात अधूनमधून बदल होतात, त्यामुळे यंदाचा नकाशा आधी पाहाच. पण वर्षानुवर्षं हा चढ जाताना अंधारात लागत आला आहे, तेव्हा तो चढ आहे हेही कळत नाही. परतताना तो पस्तीस-छत्तीसच्या आसपास येतो, आणि पाचला निघून साडेचार तासांचं लक्ष्य ठेवलेला माणूस तिथे पोचतो तेव्हा पावणेनऊ उलटून गेलेले असतात. ऊन डोक्यावर. इथे किलोमीटरमागे अर्धं मिनिट जाणार हे प्लॅनमध्येच लिहून ठेवा. एकसारख्या पेसचा तक्ता मनगटावर बांधून मुंबई पळणं म्हणजे स्लो लोकलकडून फास्टच्या वेळेची अपेक्षा करणं.

घड्याळ म्हणतं झालं, कमान अजून लांब

"कोर्स लांब होता हो, माझ्या घड्याळात ४२.६ आले!" दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. कोर्स लांब नसतो, तो ४२.१९५ किलोमीटरचाच असतो; आपण वाकडे पळतो. अधिकृत मोजणी खास मीटर लावलेल्या सायकलवरून होते आणि ती शक्य तितक्या जवळच्या रेषेने, वळणावर फुटपाथच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जास्तीचे धरतात. गर्दीत डावी-उजवी करत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात आपण त्यात आणखी भर घालतो. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं ते वेगळंच. शिकागोच्या टॉवरांमध्ये तर घड्याळ वाटेल ते पेस दाखवतं.

उपाय सोपा आहे. चार तासांसाठी किलोमीटरमागे ५:४१ चा पेस लागतो, पण घड्याळात ४२.६ भरणार असतील तर त्याच ५:४१ ने तुम्ही ४:०२ ला पोचाल. म्हणून घड्याळावर ५:३८ धरा. त्याहून बरं म्हणजे ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर मोजणं) बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीला बटण दाबा. आणि पुढचं वळण दिसलं की त्याच्या आतल्या कडेकडे सरळ रेष धरा. बर्लिन-लंडनला रस्त्यावर निळी रेघ असते ती याचसाठी.

सराव पावसाळ्यात, शर्यत सप्टेंबरात

बर्लिन सप्टेंबरअखेर, शिकागो ऑक्टोबरात. म्हणजे आपले लाँग रन नेमके जून ते सप्टेंबर. खड्डे, तुंबलेलं पाणी, ओले बूट. मग लोक बीकेसीत किंवा ट्रेडमिलवर सपाट पळत बसतात. "कोर्स सपाट, सरावही सपाट" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण सपाट रस्त्यावर बेचाळीस किलोमीटर तेच स्नायू त्याच कोनातून राबतात, त्यांना मधे सुट्टी नाही. माझ्या मांड्या तिथेच बसल्या. आता पंधरवड्यातून एकदा आरे किंवा येऊरच्या चढ-उतारावर जातो, आणि एखाद्या लाँग रनचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर शर्यतीच्या पेसने काढतो. जुलैच्या दमटपणात तो पेस जमला नाही तर घाबरू नका. तेव्हा घड्याळापेक्षा श्वासाकडे बघा.

आणि गणपती! टेपरचे, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करायचे आठवडे आणि मोदक बहुतेकदा एकत्र येतात. मोदकांनी फारसं बिघडत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत सहा तास उभं राहून, नाचून जे बिघडतं ते शर्यतीपर्यंत भरून येत नाही. (व्हॅलेन्सियावाल्यांसाठी हाच प्रश्न दिवाळीच्या फराळाचा.)

उतार दिसला की भुलू नका

"नेट डाउनहिल" जाहिरात वाचून नाव नोंदवणारे वाढलेत. रेकॉर्डच्या नियमात सुरुवात ते शेवट एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटर, म्हणजे ४२ मीटरच चालतो, आणि दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, नाहीतर पाठीवरचा वारा सगळं काम करेल. बॉस्टन या दोन्हींत बसत नाही. म्हणून २०११ मध्ये केनियाच्या जेफ्री मुताईने तिथे २:०३:०२ दिले, तेव्हाच्या विश्वविक्रमाहून जलद, तरी विश्वविक्रम त्याच्या नावावर लागला नाही. तुम्हाला-मला विक्रमाची चिंता नाही, पण उतार मांड्या सोलून काढतो. त्याचा सराव नसेल तर तो कोर्स तुमच्यासाठी फास्ट नाही.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

आदल्या दिवशी एक्स्पोत (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) आणि शहर बघण्यात पंधरा किलोमीटर चालणं. तिथेच घेतलेले नवे कार्बन प्लेटचे बूट दुसऱ्या दिवशी घालणं. थंडीत तहान लागत नाही म्हणून एनर्जी जेल आणि पाणी टाळणं. स्टार्टला कुडकुडत उभं राहणं: जुना स्वेटर घालून जा आणि निघताना काढून टाका.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बर्लिनला नाव टाकलंय. या वेळी कट्ट्यावर लक्ष्य सांगितलेलं नाही. घरी ४:०६ सांगितलंय.