चकतीच्या जुन्या फोनची घंटी वाजत नसेल तर

अमळनेर, चोपडा, धरणगाव या भागांतल्या जुन्या पेढ्यांवर आणि जिनिंगच्या कचेऱ्यांत चकतीचे काळे फोन अजूनही फळीवर ठेवलेले आढळतात. त्यांतले बरेचसे १९४८ साली बंगळुरात स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे आहेत. असा फोन पुन्हा लाइनवर जोडला की बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण बाहेरून फोन आला तर घंटी गप्प, अशी तक्रार वारंवार येते. ‘भाऊ, बाकी सगळं चांगलं शे, घंटीच वाजत नही’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकले असेन, याची गणती नाही.

बहुतेक जण लगेच फोन उघडतात. माझ्या मते संशय आधी लाइनवर घ्यावा, कारण घंटी हा या यंत्रातला सर्वांत दणकट भाग आहे. जुन्या तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून घंटीसाठी साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह येत असे. आता फायबरच्या जोडणीत हे काम घरातल्या लहानशा मोडेमला करावे लागते आणि त्याची ताकद पुष्कळदा तोकडी पडते. प्लास्टिकचा नवा फोन त्याच पॉइंटवर वाजला म्हणून लाइन निर्दोष ठरत नाही. त्याला फारच थोडा प्रवाह पुरतो. म्हणून समांतर जोडलेले इतर फोन आधी काढून पाहावेत. त्यानंतर मल्टिमीटर एसीच्या २०० व्होल्ट किंवा त्यावरच्या पट्टीवर ठेवून मोबाइलवरून फोन लावावा आणि दोन तारांमधला दाब जुना फोन जोडून एकदा व काढून एकदा मोजावा. जोडताच आकडा एकदम खाली बसत असेल, तर मोडेमला हा भार पेलत नाही असे समजावे. त्या वेळी उघड्या तारांना हात लावू नये, झटका चांगलाच बसतो.

लाइन ठीक निघाली तर प्लग काढून मगच तळाचे स्क्रू सोडवावेत. आत दोन वाट्या, त्यांच्यामध्ये टोला आणि मागे लोहचुंबकासह दोन कॉइल दिसतील. प्रवाहाची दिशा बदलते तसा टोला एकदा या वाटीवर, एकदा त्या वाटीवर आपटतो. बोटाने हलवल्यावर तो सहज दोन्हीकडे गेला पाहिजे. आपल्याकडे तो अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे धूळ आणि कापसाचे तूस. एका जिनिंगमधल्या फोनमध्ये मला टोल्याच्या दांडीला चिकटलेले कुंभारमाशीचे मातीचे घर सापडले होते. ते खरवडून काढताच घंटी पूर्ववत झाली. सफाई कोरड्या मऊ ब्रशने करावी, तेल अजिबात सोडू नये, कारण त्यावर तूस अधिकच बसते.

टोला मोकळा असूनही हालचाल नसेल, तर कॉइलचे एक टोक सोडवून रोध मोजावा. पुष्कळ संचांत प्रत्येक कॉइल ५०० ओहमची, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे १००० ओहम असते. मीटर काहीच दाखवत नसेल तर बारीक तार तुटली आहे. ती बहुधा बाहेरच्या टोकाशीच तुटते आणि डाख देऊन जुळते.

त्याहून अधिक वेळा दोष कंडेन्सरमध्ये असतो. लाइनवर कायम असलेला सुमारे ५० व्होल्टचा सरळ प्रवाह अडवून फक्त घंटीचा प्रवाह आत सोडणे हे त्याचे काम असते. तो साधारण २ मायक्रोफॅरडचा असतो. बदलताना १.८ ते २ मायक्रोफॅरड, किमान २५० व्होल्टचा आणि ध्रुव नसलेला घ्यावा; इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. शिवाय कोणी पूर्वी नवी दोरी बसवली असेल, तर घंटीची वेगळी तार मोकळी सोडलेली असू शकते, तेव्हा तळाच्या आत चिकटवलेला नकाशा असल्यास जोडणी त्याच्याशी ताडून पाहावी.

घंटी वाजते पण मरगळलेली, असे असेल तर वाट्यांचे स्क्रू सैल करावेत. वाटीचे भोक मध्यापासून किंचित बाजूला असल्यामुळे वाटी फिरवली की ती टोल्याच्या जवळ किंवा दूर सरकते. टोला वाटीला टेकून राहिला तर नाद दबतो, म्हणून पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवून मग कानानेच जुळवावे. तळ बंद करण्यापूर्वी आतली एखादी तार वाटीला चिकटलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.