चक्री वाफेच्या इंजिनाचे रेखाचित्र कसे वाचावे

रेखाचित्र समोर घेण्यापूर्वी एक घोळ निस्तरावा. जेम्स वॅटने १७८१ मध्ये सूर्य-ग्रह दंतचक्रांचे (एका दंतचक्राभोवती दुसरे फिरवून वर-खाली हालचालीचे चाकाच्या फिरण्यात रूपांतर करणाऱ्या जोडणीचे) पेटंट घेतले आणि पंपापुरते राहिलेले वाफेचे इंजिन कारखान्यातील यंत्रे फिरवू लागले. परंतु त्यात चाक फिरत असले तरी दट्ट्या वर-खालीच सरकत होता. ज्या भागावर वाफ दाब देते तोच भाग आसाभोवती फिरत असेल, तरच ते खरे चक्री इंजिन. त्याचीही कल्पना वॅटच्या १७६९ च्या पेटंटात होती, पण ती त्याने व्यवहारात उतरवली नाही.

वाचनाची सुरुवात सरकत्या पात्यांच्या प्रकारापासून करावी, कारण त्यात सर्व काही उघडे दिसते. १० सेंमी त्रिज्येच्या गोल कवचात ९ सेंमी त्रिज्येचे भरीव चाक मध्यापासून १ सेंमी बाजूला बसवले, तर ते एका रेषेवर कवचाला टेकते आणि समोरच्या बाजूस २ सेंमी फट राहते. चाकाच्या खाचांतील पाती बाहेर सरकून कवचाला घासत राहतात. टेकरेषेच्या लगेच पुढे वाफेची वाट आणि रेषेच्या अलीकडे निकासाची वाट शोधावी. वाफेला आडवळणाने जाण्याऐवजी थेट निकासाकडे जाता येऊ नये, हेच त्या रेषेचे काम.

आता जोर काढावा. चाकाची रुंदी १० सेंमी असल्यास पूर्ण बाहेर आलेल्या पात्याचे क्षेत्र २० चौ. सेंमी होते, दोन्ही बाजूंच्या दाबांत ५ किग्रॅ प्रति चौ. सेंमी फरक असेल आणि मागचे पाते खाचेत दबलेले असेल, तर बाहेर आलेल्या पात्यावर १०० किग्रॅ जोर पडतो. कागदावर हे मोहक दिसते. पण त्यानंतर गळतीच्या जागा मोजाव्यात, आणि हा भाग घाईने उरकू नये. तेवढ्याच क्षेत्राच्या दट्ट्याचा व्यास सुमारे ५ सेंमी असतो आणि त्याला सुमारे १६ सेंमी लांबीचा एकच गोल सांधा राखावा लागतो. इथे पात्याच्या तीन कडांचे १४ सेंमी, टेकरेषेचे १० सेंमी, खाचांच्या फटी, आणि शिवाय चाकाच्या दोन्ही चपट्या बाजूंचे प्रत्येकी सुमारे ५७ सेंमी परीघ! दट्ट्याची कडी झिजली तरी स्प्रिंगसारखी पसरून फट बुजवते. पात्याच्या कोपऱ्यांना ती सोय नाही. वेग कमी ठेवला तर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाफ निसटते, वाढवला तर कडा लवकर झिजतात.

दुसरा प्रकार परस्परांत गुंतलेल्या दोन दंतचक्रांचा. वर्कशॉपमधला गिअर पंप (गुंतलेली दोन दंतचक्रे फिरवून तेल पुढे ढकलणारा पंप) ज्याने उघडून पाहिला आहे, त्याने तोच उलटा चालतो आहे अशी कल्पना करावी. विल्यम मर्डॉकच्या १७९९ च्या पेटंटात तो आहे. यात वाफ आत प्रसरण पावण्याआधीच निकासाकडे जाते, त्यामुळे कोळसा जास्त लागतो.

असे खर्चिक यंत्र कोण वापरणार? उपयोग ओळखताना दोन प्रश्न विचारावेत: ते दिवसातून किती तास चालणार, आणि धक्क्याविना फिरणे किती मोलाचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथील सिल्सबी कंपनीचे वाफेचे अग्निशामक बंब याचे उत्तम उदाहरण. बर्डसिल हॉलीच्या रचनेनुसार त्यांत इंजिनही चक्री आणि पंपही चक्रीच होता. आग लागेल तेव्हाच चालणाऱ्या बंबात कोळशाचा हिशेब दुय्यम ठरतो, आणि नळीतून पाणी अखंड धारेने येते. बोशँप टॉवरचे गोलाकार इंजिन विजेचा डायनॅमो थेट फिरवण्यासाठी वापरले गेले. वंगणाच्या थरातील दाब प्रयोगाने दाखवणारा टॉवर तो हाच.

चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये टर्बाइन, म्हणजे वाहत्या वाफेने फिरणारे पात्यांचे यंत्र, बनवले, तेव्हा पात्याची कड कवचाला टेकवण्याचा हट्टच सोडला गेला. दाबाचा उतार अनेक टप्प्यांत वाटल्यामुळे प्रत्येक फटीतून थोडीच वाफ निसटते, आणि वेग इतका मोठा असतो की तेवढी गळती परवडते. म्हणून रेखाचित्रात पाती कवचाला न टेकता ओळीने मांडलेली दिसली, तर ते चक्री इंजिन नव्हे, टर्बाइन समजावे.