रॅकवरच्या रोपांना सारखा उजेड हवा? एका मोठ्या दिव्याऐवजी पट्ट्या लावा

मृगाच्या लागवडीसाठी मिरची-टोमॅटोची रोपं मे महिन्यात तयार करायची, आणि मराठवाड्यात तेव्हा पारा 42च्या आसपास. म्हणून ट्रे घरातल्या रॅकवर येतात. तिथे मधोमध एकच जोरदार एलईडी टांगला की मधली रोपं ठेंगणी, दणकट राहतात आणि कडेची दिव्याकडे माना वाकवून लांबट होतात.

रॅक 2 फूट रुंद असेल तर लांबीच्या दिशेने 4 पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावा, पण सारख्या अंतरावर नकोत. मधल्या भागाला दोन्हीकडून उजेड मिळतो, कडेला एकाच बाजूने. कडेपासून 2 इंचांवर पहिली पट्टी, पुढे 6 इंचांवर दुसरी, मग 8 इंच सोडून तिसरी, पुन्हा 6 इंचांवर चौथी. मोबाईलवरचं लक्समीटर ॲप, म्हणजे उजेड मोजणारं ॲप, ट्रेच्या उंचीवर मध्ये आणि चारही कोपऱ्यांत धरून बघा. आकडा खरा किती यात पडू नका, फरक तेवढा बघा. कोपरे फारच मंद वाटले तर रॅकच्या बाजूंना पांढरा पुठ्ठा लावा. स्वस्तात काम होतं.

पट्टी ॲल्युमिनियम चॅनेलवरच चिकटवा. प्लायवर चिकटवली तर उष्णता अडकते आणि एलईडी लवकर मंदावतात. 24 व्होल्टच्या पट्ट्या घ्या, प्रत्येकीला वेगळा कनेक्टर द्या. एक गेली तर तेवढीच बदलता येते. ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज 24 व्होल्टवर आणणारा डबा, रॅकबाहेर, हवेशीर आणि पाण्यापासून लांब.

टायमर 14 ते 16 तासांवर ठेवा, तोही बॅटरी बॅकअपचा. साधा फिरकीचा टायमर लाईट गेली की तिथेच थांबतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक ढकलतो.