मोजणी उंबरठ्यावर: पाळणाघरातल्या मुलांना बाहेर नेताना

लालबागला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी गेली चौदा वर्षं पाळणाघर चालवते. नव्याने पाळणाघर सुरू करणाऱ्या बायका भेटायला आल्या की पहिला प्रश्न जागेचा असतो, दुसरा फीचा. मुलांना बाहेर कसं न्यायचं, हे क्वचितच कुणी विचारतं. बहुतेक जणी नेतच नाहीत. दुसऱ्याचं लेकरू सांभाळायची जबाबदारी काय असते ते मला माहीत आहे, त्यामुळे त्यांची भीती कळते. पण सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत जे मूल दोन खोल्यांत असतं, त्याला आठवड्यातून एकदा तरी माती, झाड आणि मोकळं आभाळ मिळायलाच हवं.

एक गोष्ट मी चौथ्या वर्षी शिकले. एका बागेत स्वच्छतागृहापाशी आमच्या मदतनीस मावशी पाच मुलांना घेऊन बाहेर बाकावर बसल्या होत्या, मी तिघांना आत नेलं होतं. चार वर्षांचा एक मुलगा हात धुऊन माझ्याआधी बाहेर पडला. मला वाटलं, तो मावशींकडे गेला. मावशींना वाटलं, तो अजून माझ्याबरोबर आतच आहे. तो होता पलीकडच्या नळाखाली, स्वतःची लाल चप्पल धूत. जेमतेम वीस पावलं अंतर, तीन-चार मिनिटांचा वेळ, आणि तेवढ्यात माझे हातपाय गार पडले होते. त्याच्या आईला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालं आहे की मूल खेळताना हरवत नाही, कारण खेळताना सगळ्यांचं लक्ष असतं. ते हरवतं जागा बदलताना: फाटकात, जिन्यावर, टॅक्सीच्या दाराशी, स्वच्छतागृहाबाहेर, चप्पल घालायच्या गडबडीत. म्हणून आमच्याकडे प्रत्येक उंबरठ्यावर मोजणी होते. घरातून निघताना, टॅक्सीत बसल्यावर, उतरल्यावर, फाटकाच्या आत, डबा खाण्याआधी आणि नंतर. डोक्याला हात लावून, मोठ्याने आकडा म्हणत. नुसत्या नजरेने मोजलं की हलणारं मूल दोनदा मोजलं जातं. एकीची मोजून झाली की दुसरीने पुन्हा मोजायची.

आणि मूल एकीकडून दुसरीकडे जाताना तोंडाने सांगायचं. मी म्हणते, “मावशी, सोनू तुमच्याकडे.” त्या सोनूचा हात धरतात आणि म्हणतात, “आली माझ्याकडे.” हे उत्तर येईपर्यंत सोनू माझीच. मान हलवली, हातानेच खूण केली, असलं चालत नाही. पहिल्या आठवड्यात नव्या मदतनिसांना हे जरा अवघडल्यासारखं वाटतं, नंतर भाजी निवडतानासुद्धा त्या तसंच बोलायला लागतात.

किती मुलांमागे किती मोठी माणसं? तीन वर्षांच्या आतली दोन मुलं म्हणजे एका बाईचे दोन्ही हात संपले. त्याहून मोठी असतील तर एकीकडे तीन, फार तर चार. शिवाय एक जण अशी हवी जिच्याकडे कुठलंच मूल नेमून दिलेलं नाही. एखादं पडलं, कुणाला शू लागली, पाणी आणायचं आहे, तर ती जाते आणि बाकीची घडी विस्कटत नाही. एवढी माणसं नसतील त्या दिवशी आम्ही जात नाही. मुलं रडली तरी नाही.

जागा आधी एकटीने जाऊन पाहायची, आणि सहलीच्या वेळीच पाहायची. संध्याकाळी शांत वाटलेल्या बागेत सकाळी दोन शाळांच्या बस उभ्या असतात. सावली कुठे, नळाला पाणी आहे का, स्वच्छतागृह उघडं असतं का, बाहेर पडायला फाटकं किती, बसायची जागा रस्त्यापासून किती लांब. चालायचं अंतर मोजाल ते अडीच वर्षांच्या पायांनी मोजा. मला पाच मिनिटं लागतात तिथे आमच्या धाकट्यांना वीस लागतात, कारण वाटेत मुंग्या असतात, मांजर असतं, पानं असतात. आणि ती वीस मिनिटं द्यायलाच हवीत. त्यासाठीच तर आपण बाहेर पडलो आहोत.

राणीची बाग आम्हाला जवळची. ती बुधवारी बंद असते. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत मी फिरकत नाही. पेंग्विन बघायला मुलं हट्ट करतात, पण तो कक्ष आत अंधारा आणि गार, काचेपाशी सगळ्यांची रेटारेटी. तिथे लहानांना कडेवर किंवा हाताला, आत शिरताना आणि बाहेर येताना मोजणी. खरं सांगायचं तर आमची मुलं सर्वात जास्त रमतात ती मोठ्या झाडांखाली पडलेल्या शेंगा गोळा करण्यात. धावायला माटुंग्याची पाच उद्यानं छान आहेत, पण बागांच्या मधून रस्ते जातात, त्यामुळे एकच बाग ठरवून तिथेच बसायचं.

शहराच्या आमच्या भागात रिक्षा नाही, टॅक्सी आहे. चढताना आधी एक मोठं माणूस, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. उतरताना फूटपाथच्या बाजूचंच दार उघडायचं, आणि बाहेर आधी मोठं माणूस उभं राहणार. पुढच्या सीटवर मूल कधीच नाही. लोकलला पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, म्हणून काही जणींना तो स्वस्त मार्ग वाटतो. मी नेत नाही. फलाट आणि डब्यामधली फट, पंधरा-वीस सेकंदांचा थांबा, आणि दोनच हात.

ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊला निघून अकराच्या आत घरी. मुलं पाणी मागत नाहीत, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट आपणच द्यायचे. पावसाळ्यात समुद्रकिनारा बंद. भरतीच्या लाटांची भीती आहेच, शिवाय त्या महिन्यांत गिरगाव, जुहूच्या वाळूत ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे दिसणारे विषारी समुद्री जीव, वाहून येतात. निळसर फुगा दिसला की मूल उचलायला जाणारच, आणि वाळूत पडलेलीही डंख करते. गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये सहलीचा विचारही करू नका.

आईवडिलांची परवानगी दर वेळी नवी, लेखी. जागा, निघायची-परतायची वेळ, कशाने जाणार, बरोबर कोण, हे सगळं त्यात हवं. मुलाला कशाची ॲलर्जी आहे आणि बागेत काही झालं तर पहिला फोन कुणाला, हेही प्रत्येक वेळी विचारते. औषध माझ्या मनाने देत नाही. जवळचं रुग्णालय आधी ठरलेलं असतं, आम्हाला परळचं लहान मुलांचं वाडिया सोयीचं. खाऊ पाळणाघरातूनच, आणि त्यात शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न नाही. हसत-धावत खाताना हेच घशात अडकतं.

निघताना दारात सगळ्यांचा एक फोटो काढायचा. त्या दिवशी कोणी काय घातलं होतं, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, फोटोला आठवतं. तो ग्रुपवर मात्र परत आल्यावरच टाकायचा. मुलाच्या छातीवर नावाची पट्टी लावू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. आमचा फोन नंबर सदऱ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो आणि डोक्यावर सगळ्यांच्या एकसारख्या पिवळ्या टोप्या.

तरीही चुकामूक झालीच तर काय, हे आम्ही आठवड्यातून एकदा खेळ म्हणून खेळतो. “मावशी दिसत नाही, आता?” मुलं ओरडतात, “झाड व्हायचं!” म्हणजे आहे तिथेच उभं राहायचं आणि आमचं नाव मोठ्याने घ्यायचं. मोठ्यांचंही ठरलेलं असतं. एक जण बाकीच्यांना खाली बसवते आणि जागेवरून हलत नाही, दुसरी थेट फाटकाकडे जाऊन रखवालदाराला सांगते, मोकळी असलेली पाण्याच्या आणि खेळण्यांच्या दिशेने बघते. दोन-तीन मिनिटांत सापडलं नाही तर 112 ला फोन. लाज वाटून उशीर करायचा नाही. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांकही सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

नवीन असाल तर पहिली सहल गल्लीच्या टोकापर्यंत काढा. दोन मुलं, दोन मोठी, वीस मिनिटं. आमची पहिली सहल इस्त्रीवाल्या काकांच्या टपरीपर्यंत होती. मुलांनी इस्त्रीतला निखारा लांबून पाहिला, फूटपाथच्या आतल्या बाजूने परत आली, दारात मोजणी झाली. संध्याकाळी घरी जाताना एकीने आईला कितीतरी वेळ त्या इस्त्रीच्या वाफेचा आवाज काढून दाखवला.