पहिला स्नोबोर्ड घेताना: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी एक हंगाम भाड्याच्या बोर्डवर काढा. आपल्याकडे संभाजीनगर, नांदेड, लातूर कुठंही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलात तरी स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायची फळी, हातात घेऊन, वाकवून, त्यावर उभं राहून बघायला मिळत नाही. त्यामुळे गुलमर्गला भाड्याच्या सामानावर घालवलेले दिवस हीच आपली दुकानातली चाचणी. तिथं साहित्य भाड्यानं मिळतं, खासगी प्रशिक्षक आहेत आणि 1968 साली सुरू झालेली केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही आहे. शिकता शिकता रोज संध्याकाळी वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: बोर्डवर छापलेली लांबी, बुटाचा नंबर, पुढं कोणता पाय होता आणि कुठं दुखलं. खरेदीच्या वेळी एवढंच टिपण कामी येणार आहे.

पुढं कोणता पाय ठेवायचा ते घरीच कळू शकतं. गुळगुळीत शहाबादी फरशीवर मोजे घालून थोडं धावा आणि घसरा. आपोआप जो पाय पुढं जातो तो बहुधा तुमचा पुढचा पाय. डावा पुढं असला तर ‘रेग्युलर’, उजवा असला तर ‘गूफी’. तुम्ही डावखुरे आहात की उजवे, यावरून हे ठरत नाही. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही, पण बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला बांधून ठेवणारा जोड, त्याप्रमाणे बसवावं लागतं.

आता पैशांचं. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आलेले असोत की पगारातून बाजूला टाकलेले, पहिला खर्च बुटांवर करा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण बहुतेक नवी मुलं बोर्डवरचं चित्र बघून बोर्ड घेतात आणि बुटांसाठी उरेल तेवढ्यात भागवतात. पायानं दिलेली सूचना बुटातून बाइंडिंगमध्ये आणि बाइंडिंगमधून बोर्डच्या कडेपर्यंत पोचते. बूट सैल असला तर ती सूचना बुटातच विरते. मग वळायला उशीर होतो, माणूस पट्टे आवळत जातो, पोटऱ्या भरून येतात आणि दोष बोर्डला दिला जातो. ठाकठीक बुटांवर भाड्याचा बोर्डही चांगला चालतो. म्हणून पैसे अपुरे असतील तर यंदा फक्त बूट घ्या, बोर्ड अजून एक वर्ष भाड्याचा चालेल.

पाय मोजायचा तो संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, लांबात लांब बोटापाशी खूण करा आणि सेंटिमीटरमध्ये अंतर घ्या. दोन्ही पाय मोजा, मोठा आकडा धरा. स्नोबोर्डच्या बुटांवर ‘माँडो’ नावाचं माप असतं, ते म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबीच. पाय 26.5 सेंमी असला तर माँडो 26.5. आपल्याकडच्या बुटा-चपलांवरचा आकडा यूके पद्धतीचा असतो आणि स्नोबोर्डचे बूट बहुतेक करून यूएस आकड्यांत विकले जातात. पुरुषांच्या मापात यूएसचा आकडा साधारण एकानं जास्त असतो. शिवाय रोजचे बूट आपण जरा ऐसपैसच घेतो, त्यामुळे त्या नंबरावर विसंबू नका.

बूट आले की विमानाच्या तिकिटाआधी ते घरी घालून बघा. एकच पातळ मोजा घाला, दोन नकोत. टाच मागं ठोकून बसवा, बांधा आणि उभं राहा. सरळ उभं असताना बोटं पुढं हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागं सरली पाहिजेत. मग चवड्यांवर उभे राहा. टाच आत वर उचलली गेली तर तो बूट तुमचा नाही, कितीही स्वस्त मिळाला असला तरी. असेच अर्धा तास घरात फिरा. बोटं बधिर झाली किंवा घोट्यावर एकाच जागी रुतायला लागलं तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. आतला मऊ थर वापरून थोडा दबतो आणि बूट सैल होतो, हे ध्यानात ठेवून सुरुवातीला घट्टसरच घ्यावा. बांधायला साधी नाडी, ओढायची दोरी किंवा फिरवायची चकती, यांपैकी काहीही चालेल. चकती सोयीची असते, पण तिची तार तुटली तर डोंगरावर दुरुस्ती अवघड, नाडी मात्र कुठंही मिळते.

बोर्डची लांबी ठरवताना ‘हनुवटी ते नाक’ हे माप सगळे सांगतात. अंदाजाला ते ठीक आहे, पण बोर्ड वाकतो तो तुमच्या वजनानं. 60 ते 70 किलोच्या पुरुषाला पहिला बोर्ड साधारण 148 ते 154 सेंमी, 45 ते 55 किलोच्या मुलीला साधारण 138 ते 145 सेंमी असा शोध सुरू करा आणि मग त्या त्या बोर्डच्या कंपनीनं दिलेला वजनाचा तक्ता बघा, कारण प्रत्येक बोर्डचं गणित वेगळं असतं. वजन खरं धरा आणि जाड कपडे, बूट घालून असाल हे विसरू नका. शिकण्यासाठी या पट्ट्यातला आखूड बाजूचा बोर्ड बरा, तो वळवायला हलका जातो. गुलमर्गला ताजं बर्फ खोल पडतं आणि त्यात फार आखूड बोर्ड नाक खुपसतो, म्हणून अगदी टोकाचा आखूडही नको.

रुंदीकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. बोर्डच्या मधल्या रुंदीच्या मानानं बूट फार लांब असले तर बोर्ड कलला की बोटं किंवा टाच बर्फात घासते आणि माणूस फेकला जातो. दोन्ही बाजूंना बूट एक-दोन सेंटिमीटर बाहेर डोकावणं योग्यच आहे. यूएस 11 किंवा त्यापुढचा पाय असला तर ‘वाइड’ बोर्ड बघा. लहान पायाच्या मुलींनी पुरुषांचा रुंद बोर्ड घेऊ नये. तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर न्यायला फार जोर लागतो.

ताठरपणाचा आकडा 1 (अगदी मऊ) ते 10 (अगदी ताठर) असा देतात. पहिल्या बोर्डसाठी 3-4 च्या आसपास थांबा. ताठर बोर्ड वेगात स्थिर राहतो, पण तो वेग तुम्ही अजून गाठलेला नाही. आकार दोन्ही टोकांना सारखा, म्हणजे ‘ट्विन’, किंवा त्याच्या जवळचा घ्या. सुरुवातीला कोणत्या बाजूनं घसराल याचा भरवसा नसतो. बोर्डच्या बाकाबद्दल जाणून घ्यायची गोष्ट एकच: नवशिक्याला सगळ्यात जास्त आपटवतं ते उताराकडची कड अचानक बर्फात अडकणं. ज्या बोर्डचा मधला भाग सपाट आणि टोकं वर उचललेली असतात, तो हे काहीसं माफ करतो आणि भुसभुशीत बर्फावर तरंगतोही चांगला. पूर्ण कॅम्बरचा, म्हणजे मधे कमानीसारखा उचललेला बोर्ड कड घट्ट धरतो, पण चूक केली की लगेच आपटतो. तो दुसरा बोर्ड म्हणून घ्या. तळ ‘एक्स्ट्रुडेड’, म्हणजे वितळवून दाबून काढलेल्या प्लास्टिकचा, असला तर स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि घसरण नीट राहावी म्हणून लावायच्या मेणाच्या बाबतीत कमी लाडाचा. पहिल्याला तोच पुरे.

बाइंडिंग मध्यम-मऊ, पट्ट्यांचं घ्या आणि बुटाच्या मापाचंच घ्या. विकत घेण्याआधी बोर्डवरची छिद्रं बघा: बहुतेक बोर्डांवर चार-चार भोकांचे गट असतात, बर्टन कंपनीच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र लांब खाच असते. बाइंडिंग बोर्डवर बसवणारी चकती दोन्हींना वेगळी लागू शकते. बसवताना पावलांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त ठेवा. पुढच्या पायाचा कोन अधिक 15 आणि मागच्याचा उणे 6 ते 9 अंशांपासून सुरू करा, गुडघे दुखले तर बदला.

जुना बोर्ड घ्यायला हरकत नाही, आपल्यासारख्यांना तो परवडतोही. हंगाम संपताना, मार्चमध्ये, प्रशिक्षकांना आणि भाड्याच्या दुकानांत विचारा. लोखंडी कड तुटलेली नको, तळाला आतलं लाकूड दिसेल इतका खोल घाव नको, थर सुटून फुगवटा आलेला नको. बाइंडिंगच्या प्रत्येक भोकात स्क्रू फिरवून बघा. जुने बूट मात्र घेऊ नका, ते दुसऱ्याच्या पायाच्या आकारात दबलेले असतात. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि वाहतूक धरून किंमत काढा.

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड हे ‘नंतर बघू’ म्हणण्याचं सामान नाही. शिकाऊ स्नोबोर्डरची मनगटं सगळ्यात जास्त मोडतात, कारण पडताना हात टेकायची सवय असते. हेल्मेटवर ईएन 1077 किंवा एएसटीएम एफ 2040 हा बर्फावरच्या हेल्मेटच्या सुरक्षेचा शिक्का बघा, मोटारसायकलचं चालत नाही. मागच्या बाजूला गादी असलेली चड्डीही पहिल्या आठवड्यात फार उपयोगी पडते. कपड्यांत सुती काहीच नको. जीन्स तर नकोच, तुम्ही निम्मा वेळ बर्फात बसलेले असणार आणि ओली जीन्स वाळत नाही. थर्मल आपल्याकडे हिवाळ्यातल्या तिबेटी बाजारात मिळतात, पण वरची पँट, जॅकेट आणि हातमोजे पाणी न झिरपणारे हवेत.

पायांची तयारी महिनाभर आधी सुरू करा. संभाजीनगरकरांना गोगाबाबा टेकडी आहे, देवगिरीच्या पायऱ्या आहेत. चढण्याइतकंच सावकाश उतरण्याला महत्त्व द्या, मांड्यांवर खरा ताण तिथंच येतो.

तारखा जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवा आणि बदलता येतील अशा ठेवा. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि 2025 चे तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नसल्यानं फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास 3,900 मीटरवर नेतो. तिथले उतार शिकाऊंचे नाहीत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे, नवा बोर्ड हातात आला म्हणून तिकडं जाऊ नका.

सामान नेताना सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत गेलात तर बोर्डची बॅग बर्थखाली आडवी मावते. विमानात लांब सामानाला वेगळं भाडं असू शकतं, बुकिंगच्या वेळीच विचारून लेखी घ्या.

परत आल्यावरची काळजी आपल्या भागात जास्तच घ्यावी लागते. बोर्ड पुसून पूर्ण कोरडा करा, नाहीतर कडा गंजतात. बाइंडिंगचे स्क्रू सैल करा, तळावर मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. मेण वितळवून पसरायला जुनी इस्त्री चालते, वाफेची नको, आणि मेणातून धूर निघाला तर ती जास्त तापली असं समजा. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा बंद गाडीत बोर्ड ठेवला तर थर जोडणारा चिकटा सुटू शकतो. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा. पुढच्या हंगामात निघण्याआधी मेण प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, स्क्रू परत आवळा आणि त्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर बोर्डच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवलात तर विमानतळावर काढून घेतील.